सोलापूरच्या घारी आणि पुण्याचा तज्ज्ञ

माझ्याकडे एक प्रशस्तिपत्र आहे. एका विमान कंपनीचं, जाड कागदावरचं. सोलापूरच्या धावपट्टीवर विमानाला पक्षी धडकण्याचा धोका मी चार दिवसांत दूर केला, असं त्यात लिहिलंय. आमच्या सौभाग्यवतींनी ते फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावलं आहे. आल्यागेल्याला ते दाखवून झालं की पाहुणे माझ्याकडे वळतात आणि विचारतात, "कसं काय जमवलंत हो?" इतके दिवस मी "काही नाही, थोडा अभ्यास" असं पुटपुटून चहाच्या कपात तोंड घालत आलो. आता मात्र ते पत्र माझ्याच्यानं बघवत नाही. म्हणून हे लिहून टाकतोय.

मी पुण्यात एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. गांडूळ, झुरळ आणि बेडूक यांच्या बाबतीत माझा हात धरणारा कोणी नाही. पक्षी हा धडा मार्च महिन्यात येतो, आणि परीक्षा तोंडावर असल्यामुळे मी तो दोन तासांत गुंडाळतो. पण एका दिवाळी अंकात मी गिधाडांवर लेख लिहिला होता. अर्धा इकडून घेतलेला, अर्धा तिकडून. नेमका तो एका लहानशा विमान कंपनीच्या मॅनेजरांच्या वाचनात आला. या कंपनीनं मुंबई-पुणे-सोलापूर असं विमान मंगळवारी आणि शुक्रवारी, चाचणी म्हणून सोडलं होतं. दुसऱ्याच आठवड्यात सोलापूरला उतरताना एक पक्षी वैमानिकाच्या समोरच्या काचेवर आदळला. काचेला तडा गेला, वैमानिकाच्या कपाळाला लागलं, विमान कसंबसं उतरलं. त्यानंतर मॅनेजरांचं मला पत्र आलं. काच बदलायची म्हणून पुढची फेरी एकदम शुक्रवारी. जाऊन पाहा, कारण शोधा, उपाय कळवा. जाताना रेल्वे, येताना आमचं विमान.

त्यातले शेवटचे तीन शब्द मी किती वेळा वाचले असतील! मी विमानात कधी बसलो नव्हतो. दोन दिवसांत सबंध आळीला कळलं की सर शुक्रवारी विमानानं येणार. मेहुण्यानं तर लोहगाव विमानतळावर हार घेऊन यायचं ठरवलं. मी नको नको म्हणालो, पण हार झेंडूचा नको, शेवंतीचा आण, हेही सांगितलं. विमानात शोभावेत म्हणून नवे बूट घेतले.

मंगळवार

दिवाळी होऊन दोन आठवडे झाले होते. गाडीत केम स्टेशनाशी डोळा उघडला तो थंडीनं, आणि सोलापूरला उतरलो तेव्हा ऊन मात्र आपलं काम करू लागलं होतं. स्टेशनवर बिराजदार घ्यायला आले होते. धावपट्टीची सगळी जबाबदारी यांच्या एकट्याच्या अंगावर. पोट सुटलेलं, मिशा पिकलेल्या, आवाज मोठा आणि मन त्याहून मोठं. "या री सर, या! तज्ज्ञ म्हटल्यावर मी म्हातारा माणूस येईल समजलो होतो," ते म्हणाले. माझी बॅग त्यांनी माझ्या हातातून ओढूनच घेतली. पुण्यात आपण आधी पाहुणा किती दिवस राहणार ते विचारतो. यांनी आधी घरी नेऊन कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही पुढं ठेवलं. कडक भाकरी चुरून खायची असते हे मला ठाऊक नव्हतं. मी ती पापडासारखी एकदम चावली आणि दाढ दुखावून घेतली. बिराजदारांच्या मंडळी तोंडाला पदर लावून आत गेल्या.

विमानतळ म्हणजे एक लांब पट्टी, एक पत्र्याची खोली, आणि वाऱ्याची दिशा दाखवणारी एक कापडी पिशवी. पट्टीलगतचं पडीक रान कंपनीनं करारानं घेतलेलं होतं. त्यात गवत माजू नये म्हणून बिराजदारांनी एका धनगरणीला मेंढरं बसवू दिली होती. ती दहा-बारा दिवसांपूर्वी सांगोल्याकडून आली होती. नाव मायाक्का. वय पन्नास-पंचावन्न. अंगानं वाळलेली, पण तिनं एक हाक मारली की दोनशे मेंढरं माना वर करत. जाळ्याची वाघर लावून तिनं कळपाला कुंपण केलं होतं. तिचा मुलगा बिरू आणि एक घोडं, एवढाच तिचा संसार तिथं होता.

बिराजदारांनी धडकलेल्या पक्ष्याचे अवशेष बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवले होते. डबा उघडताच मी चार पावलं मागं सरलो. मग रुमाल नाकाला लावून, एक पाय चिमट्यात धरून, मी वर्गात बोलतो त्या आवाजात म्हणालो, "गिधाड. पांढऱ्या पाठीचं."

मायाक्का पाण्याची घागर घेऊन चालली होती. ती थांबली आणि डब्यात वाकून बघून म्हणाली, "गिधाड कशाचं, घार हाय की ती. गिधडाचं पाय असं असत्यात व्हय?"

बिराजदारांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "तपासणी चालू आहे."

घार तर घार. वर बघितलं तर मेंढरांच्या डोक्यावर पंधरा-वीस घारी गोल फिरत होत्या. माझ्या डोक्यात लखकन प्रकाश पडला. खाली मेंढरं, वर घारी. मेंढरं गेली की घारी गेल्या! याहून सोपं काय? कुणाला काही न विचारता मी संध्याकाळी तारघरात गेलो आणि मॅनेजरांना तार केली. 'कारण सापडलं. कळप ताबडतोब हलवावा.' एका दिवसात निकाल लावला म्हणून स्वतःवर इतका खूश झालो की वाटेत थांबून एक फुल कप चहा आणि वर पान घेतलं.

बुधवार

आता दोन दिवस काहीतरी करताना दिसणं भाग होतं. मी बिराजदारांच्या जुन्या खाकी शर्टाचं बुजगावणं करून पट्टीच्या कडेला उभं केलं. पाव तासात एक घार येऊन त्याच्या डोक्यावर बसली, आणि तिथून तिला सगळं रान चांगलं दिसू लागलं.

मग मला फटाके सुचले. दिवाळीतले उरलेले सुतळी बॉम्ब बिराजदारांच्या घरी होते. ते म्हणाले, "सर, बाजूला मेंढरं हैत." मी म्हणालो, "शास्त्रीय प्रयोग आहे." नऊ-साडेनऊच्या सुमारास मी एका दगडाआड वाकून वात पेटवली.

घारी थोड्या वर गेल्या आणि पुन्हा खाली आल्या. मेंढरं मात्र वाघर तोडून उधळली. दोनशे मेंढरं धावपट्टीवरून या टोकाकडून त्या टोकाला! बिरू आरडाओरडा करत मागं, बिराजदार झेंडा घेऊन मागं, आणि मी दगडाआडच. कळप आवरायला तासभर लागला.

मग मायाक्का माझ्याकडं आली. तिच्या हातात एक कोकरू होतं. त्याची मान लुळी पडली होती. ते तिनं माझ्या नव्या बुटांपुढं ठेवलं.

"परवा जन्मलंय त्ये," ती म्हणाली. "त्याच्या आईनंच तुडवलं त्याला. कुनाच्या बाच्या लग्नाचं फटाकं उडवाया आलास रं हितं?"

इतकी वर्षं मी शेकड्यांनी बेडूक टाचण्या मारून पाटीवर लावले, कधी काही वाटलं नाही. त्या कोकराच्या तोंडाला मात्र दूध लागलेलं होतं. "चुकलो," मी म्हणालो. "घारी हाकलायच्या होत्या."

"घारी हाकलायच्या हुत्या? मग मला इचारायचं की! त्या माझ्याच बोलावन्यावर येत्यात."

ती खालीच बसली आणि रागारागातच सांगू लागली. कळप व्यायला आला होता. रात्री ज्या मेंढ्या व्यायच्या त्यांच्या वारा, म्हणजे कोकरामागून पडणारी नाळ-झिल्ली, ती पाटीत गोळा करायची आणि सकाळी ऊन तापलं की समोरच्या खडकावर नेऊन मांडायची. "कुत्र्यानं वार खाल्ली की मेंढी दुधाला आटती. घारीनं उचलली की कोकरू उभं ऱ्हातंय. आमच्या घरात सासूच्या सासूपासनं ह्येच चालत आलंय." पुस्तकात हे नाही, पण त्या वेळी पुस्तकाचं नाव काढायची माझी छाती नव्हती. मी खडकाकडं पाहिलं. तो पट्टीच्या टोकापासून दगड मारला तर लागेल इतका जवळ होता. विमान बरोबर त्याच्याच वरून उतरायचं.

"तुमचं इमान कवा येतंय?" तिनं विचारलं.

"दहाला."

"आन मी वारा मांडते त्या बी तवाच. ह्ये कुनी सांगितलं का मला? सांगितलं असतं तर पल्याड वढ्याला मांडल्या असत्या. त्यात काय लई मोठं हाय?"

झालं. विमान कंपनी, मॅनेजर, मी, माझा लेख, बिस्किटाचा डबा, आणि उपाय एका वाक्यात. मी नाक घासायला तयार होतो, पण आदल्या संध्याकाळची तार आठवली. बिराजदारांच्या सायकलीवर मागं बसून तारघर गाठलं आणि दुसरी तार केली. 'पहिली तार रद्द समजावी. कळप राहू द्यावा. सोपा उपाय सापडला.'

गुरुवारी मुंबईहून उत्तर आलं, ते पहिल्या तारेला. शिफारस मान्य. शुक्रवारी सकाळी नऊच्या आत कळप हलवावा. कळप दिसल्यास विमान सोलापूरला उतरणार नाही आणि चाचणी बंद होईल.

बिराजदार मटकन खुर्चीत बसले. "अय्यो सर, विमान बंद झालं तर मला काय ठेवतेत का ते?" एवढंच बोलले. मला एका शब्दानं बोलले नाहीत, त्यामुळे जास्तच लाज वाटली. मी मुंबईला ट्रंक कॉल लावला. तीन तासांनी लागला.

"साहेब, माझं चुकलं, कळप राहू द्या," मी ओरडलो. "मी तज्ज्ञ नाही!"

"हा विनय तुमच्या लेखातही दिसतो," पलीकडून मॅनेजर हसले. "पण मेंढ्यांची दया करून कसं चालेल? तुमचं मत आम्ही वरपर्यंत कळवलंय."

"अहो, मला खरंच काही कळत नाही!"

"प्रत्येक मोठा अभ्यासक हेच म्हणतो," ते म्हणाले, आणि फोन कट झाला.

आयुष्यभर लोकांनी मला विद्वान म्हणावं म्हणून धडपडलो, आणि त्या दिवशी घसा फोडून नाही म्हणत होतो तर कोणी ऐकेना. बिराजदार कळपाकडं निघाले. मी म्हटलं, थांबा, मी सांगतो. तेवढं तरी मी केलं.

मायाक्कानं ऐकून घेतलं. मला वाटलं शिव्या घालेल. तिनं नुसता बोटांवर हिशेब केला. रात्री होतील ती धरून तीन दिवसांच्या आतली अकरा कोकरं. ती चालू शकत नाहीत. घोड्यावरच्या जाळीत सहा मावतील, बिरू दोन घेईल, ती स्वतः एक. मैंदर्गीच्या वाटेवर एका शेतकऱ्यानं पुढल्या आठवड्यात मेंढरं बसवायला बोलावलं होतं, आता आठ दिवस आधीच तिथं जायचं. म्हणजे दिवसभराची चाल.

"दोन उरत्यात," ती म्हणाली. "चालवली तर वाटंत मरत्याल. ठेवली तर कुत्री हायतच." आणि तिथं पहिल्यांदा तिचा आवाज फाटला. "आठ दिस थांबलं असतं तर काय बिगडलं असतं रं तुमचं?"

शुक्रवार

सकाळी साडेआठला मी माझ्या बॅगेतले कपडे आणि पुस्तकं बिराजदारांच्या टेबलावर काढून ठेवली, तळाशी टॉवेल अंथरला, आणि बॅग घेऊन कळपाकडं गेलो. दोन कोकरं आत ठेवली, माना बाहेर. बिराजदार धावत आले. "सर, विमान साडेदहाला परत उडतंय. तुमची सीट आहे की!"

"ओढ्यापर्यंत पोचवतो आणि येतो," मी म्हणालो. खरंच तसं ठरवलं होतं. शेवंतीचा हार डोळ्यांसमोर होता.

ओढा धावपट्टीपासून अर्ध्या कोसावर. तिथं पोचल्यावर मायाक्कानं कळप थांबवला. डोक्यावरची पाटी उतरवली, आणि त्यातल्या रात्रीच्या वारा खडकांवर नीट मांडू लागली.

"आता कशाला?" मी विचारलं. "आता तर तुम्ही तिथून निघालात."

"मेंढरं हलली म्हून घारी हलत्यात व्हय? चार दिस त्याच जाग्यावर घिरट्या घालत्याल, खाली खाली, भुकंनं. मग तुमच्या इमानाचं काय हुईल?"

"पण त्यांनी तुम्हाला हाकललं."

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी पहिलीतला ढ मुलगा झालो. "त्या इमानात मानसं असत्यात का न्हाय?"

पाठोपाठ घारी आल्या. पट्टीवरच्या सगळ्या घारी एकेक करून ओढ्यावर उतरल्या. वीस-पंचवीस तरी असतील. त्यांच्या पंखांचा वारा माझ्या तोंडाला लागत होता. तेवढ्यात लांबून घरघर ऐकू आली, आणि रिकाम्या आभाळातून ते चकचकीत विमान सरळ उतरलं. एक पीससुद्धा त्याच्या आड आलं नाही. पत्र्याच्या खोलीपुढं बिराजदार दोन्ही हातांनी झेंडा हलवत नाचत होते.

आता परत फिरलो असतो तर विमान मिळालं असतं. इथं माझ्या मनात काय थोर विचार आले ते लिहायचा मोह होतोय, पण तसं काही झालं नाही. मी बॅग मायाक्कापुढं धरली. तिच्या एका हातात कोकरू, दुसऱ्यात काठी, डोक्यावर पाटी. बिरूच्या दोन्ही काखांत कोकरं. घोडं भरलेलं. बॅगेतलं एक कोकरू माझं बोट चोखत होतं. मी बॅग पुन्हा खांद्याला लावली.

अर्ध्या-पाऊण तासानं विमान आमच्या डोक्यावरून पुण्याकडं गेलं. मी हात हलवला. कोणाला हलवला देव जाणे, माझी सीट तर रिकामी होती.

वाट लांब होती आणि बूट नवे. पहिल्या कोसातच टाचा सोलल्या. मी बूट गळ्यात अडकवून चालू लागलो. शाळूच्या पिकांतून, काळ्या मातीतून, तापलेल्या उन्हात. दोन्ही कोकरांनी माझ्या शर्टाला व्हायचा तो प्रसाद दिला. पुण्यात रस्त्यात भेटलेला माणूस मुलाचे मार्क विचारतो. इथं समोरून येणारा जो तो विचारी, "किती व्याल्या? कोकरं बरी हायत न्हवं?" आणि मग माझ्याकडं बोट, "आन ह्ये कोन?"

"इमानाचा मास्तर हाय," मायाक्का सांगायची. पुढं काही विचारायची गरज कोणाला वाटली नाही.

चार-साडेचारला त्या शेतकऱ्याच्या रानात पोचलो. बिरूनं वाघर लावली. मायाक्का एकेक कोकरू ज्याच्या त्याच्या आईखाली सोडू लागली. माझ्या बॅगेतलं पहिलं कोकरू काढलं आणि आईपुढं ठेवलं. मेंढीनं हुंगलं आणि तोंड फिरवून चालू लागली. दुसऱ्या मेंढीनं तर कोकराला धडक मारून पाडलं.

"ही कशाची घान हाय?" मायाक्कानं बॅगेत नाक घालून विचारलं. डांबराच्या गोळ्या! घरून निघताना कपड्यांत ठेवल्या होत्या. आईनं वास ओळखला नाही तर पिल्लाला पाजत नाही, हे मात्र मला पक्कं ठाऊक होतं. हे मी दर वर्षी शिकवतो. दिवसभर मीच त्यांना उचलून आणलं आणि मीच उपाशी मारणार, या विचारानं माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी लपवलंही नाही.

मायाक्कानं मेंढीला पायांत धरलं, तिचं दूध मुठीत पिळलं आणि कोकराच्या पाठीला, शेपटीला, डोक्याला चोळलं. दुसऱ्यालाही तसंच. "धर," ती मला म्हणाली. मी कोकराला आईच्या तोंडाशी धरून बसलो. मेंढीनं एकदा हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग जिभेनं त्याची पाठ चाटली, आणि कोकराची शेपटी ताडताड हलायला लागली. थोड्या वेळानं दुसरंही प्यायला लागलं.

बिरूनं तीन दगडांवर हुलग्याचं पातळ माडगं शिजवलं होतं. मी लांबच उभा होतो. कोणत्या तोंडानं जाऊन बसू ते कळेना. मायाक्का एकेका कोकराच्या पाठीवर हात ठेवत कळपातून फिरून आली, माझ्यापुढं भाकरी धरली आणि म्हणाली,

"एक तुज्यापायी गेलं. दोन तुज्यापायी आली. बस आता, जेव."